कपाटातलं जैसलमेर : एका तंबोऱ्याच्या दुरुस्तीच्या नोंदी

१९ जून २०२४
अमेय सकाळी आला. जैसलमेरहून जोधपूर, तिथे गाडी बदलून बडोदा. पाठीला सॅक आणि कडेवर मूल घ्यावं तसा रजईत गुंडाळलेला तंबोरा. पवनचक्क्यांच्या नोकरीसाठी तो तिकडे गेला त्याला दीड वर्ष झालं. जाताना माझ्या सासऱ्यांचा तंबोरा घेऊन गेला होता. सासऱ्यांनी तो १९६१ साली मिरजेहून आणलेला. साठ वर्षं बडोद्यातले उन्हाळे-पावसाळे त्याने मुकाट काढले. वाळवंटातला दुसरा उन्हाळा मात्र त्याला निभला नाही.

रजई काढून सतरंजीवर आडवा ठेवला. घोडीपासून (तारा टेकतात ती पट्टी) कडेपर्यंत तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, ११ सेंटिमीटरची उभी चीर. भोपळा आणि दांडी जुळतात तिथे गळ्याला फट, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. चारातल्या तीन खुंट्या पिळलं की क्षणभर धरतात आणि कुर्रकन सुटतात. शिवाय चिरेत पिवळट, काचेसारखं टणक काहीतरी.

"हे काय भरलंयस?"

"झटपट चिकटणारा गोंद आणि लाकडाचा भुसा. व्हिडिओत बघितलं होतं. अगं आई, मे महिन्यात ती चीर रोज वाढत होती. मला सुचेचना काही."

मी काही बोलले नाही. शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली आहेत, मुलांनी काय काय कशात ओतलेलं पाहिलंय. नोंदवही तेव्हापासूनची सवय. घरातलं माणूस तंबोरा घेऊन कोरड्या मुलखात राहायला गेलं असेल, तर त्यांना या नोंदी उपयोगी पडाव्यात.

२१ जून
दोन आर्द्रतामापक आणले, ४५० रुपयांना एक. एक इथे राहील, एक अमेयबरोबर जाईल. स्वस्त मापकावर विश्वास ठेवायचा नाही, आधी मिठाने तपासायचा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात ते जेमतेम ओलं होईल एवढंच पाणी. सगळं विरघळता कामा नये, चिखलासारखं राहायला हवं. झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आमचा एक मापक ६९ दाखवत होता, दुसरा ७४. पाठीवर चिकटपट्टी लावून लिहिलं : +६, +१. ही तपासणी केली नसती तर पुढचे आकडे सगळे खोटे ठरले असते.

२३ जून
आजची चूक सर्वस्वी माझी.

तो झटपट गोंद ॲसिटोनमध्ये विरघळतो हे मला ठाऊक होतं. कापसाचा बोळा, ड्रॉपर, हातमोजे, सगळी तयारी. चिरेवर दोन थेंब टाकले. गोंद मऊ पडायला लागला तशी मी खूश. तेवढ्यात एक ओघळ कडेला गेला. तबलीच्या कडेला पांढरी पानं-वेल बसवलेली असते ना, ती सेल्युलॉइडची. सेल्युलॉइड ॲसिटोनमध्ये विरघळतं. तीन पानं डोळ्यांदेखत चिकट झाली, पुसायला गेले तर बोळ्याचा कापूस त्यांनाच चिकटला. आजूबाजूचं चपड्याचं (लाखेचं) पॉलिशही पांढुरकं पडलं.

अमेय म्हणाला, "माझा गोंद आणि तुझं ॲसिटोन. आजोबांनी दोघांनाही हाकलून दिलं असतं."

२९ जून
अमेय परत गेला, तंबोरा इथेच. हल्ली रियाज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर. त्याचा दिनक्रम ऐकला : साडेचारला उठायचं, कारण सातला साइटची बस. पहाटे गाता येतं, संध्याकाळी नाही. दिवसभर धूळ खाल्लेला गळा ज्येष्ठमध चघळूनही मोकळा होत नाही. हार्मोनियम चादरीत, चादर प्लॅस्टिकमध्ये. तरी वाळू आत जाते आणि एखादा सूर मध्येच मुका होतो. मग पट्टी काढून, स्वरपात (सूर देणारी आतली पात) फुंकून परत बसवायची.

सुट्टीच्या दिवशी तो मांगणियारांचं, म्हणजे तिथल्या पिढीजात लोकगायकांचं, गाणं ऐकायला जातो. ज्यांचं कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वादन सगळीकडे पोचलं, ते साकर खाँ जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे. पद्मश्री त्यांना २०१२ साली मिळाली. अमेय एक गोष्ट टिपून आलाय : कमायचाचं पोट आंब्याच्या एकाच लाकडातून कोरलेलं, वर कातडं. खरताल म्हणजे नुसत्या लाकडाच्या पट्ट्या. "आई, इथल्या वाद्यांत फाटायला जोडच नाही फारसा." आपला तंबोरा म्हणजे भोपळा, तून लाकूड, सरस (जनावरी गोंद) आणि चपडा, सगळे जोडच जोड.

४ जुलै
पाऊस लागला. घरात ७८ टक्के. तबलीचं लाकूड फुगायला लागलं, पण चिरेतला तो दगडी गोंद मिटू देत नाही. बोट फिरवलं की चिरेच्या एका बाजूला बारीक उंचवटा हाताला लागतो.

मिरजेच्या एका कारागिरांना फोन केला. (यंदाच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल आधी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "हां, पण गिऱ्हाईक विचारतंय, मानांकनामुळे भाव वाढला काय?") मग हकिगत सांगितली. ॲसिटोनचं ऐकल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता.

"काकू, तुम्ही सगळं उलटं केलंय बघा. कोरड्यात चीर भरायची नाही. आधी भरलेलं काढा, कोरून काढा, औषधं नकोत. मग लाकडाला हवा पिऊ द्या. चीर आपसूक मिटत येते. मिटली की मग सरस."

एवढ्या एका वाक्यासाठी मी पंधरा दिवस घालवले.

५ ते ११ जुलै
शस्त्रक्रियेचं ११ नंबरचं पातं, भिंग आणि टेबललॅम्प. रोज तासभर, त्याहून जास्त नाही; हात थकला की पातं लाकडात शिरतं. सहाव्या दिवशी शिरलंच, दोन मिलिमीटरचा टवका उडाला. तो काडेपेटीत जपून ठेवला आणि नंतर जागच्या जागी चिकटवला. ११ तारखेला चीर रिकामी झाली.

२० जुलै
चीर मिटत मिटत केसाएवढी राहिली. गळ्याची फटही जवळजवळ बंद. हा सगळा बडोद्याच्या पावसाचा प्रताप, माझा हात लागला नाही.

सरस रात्रभर पाण्यात भिजत घातला, सकाळी पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवून पातळ केला. उकळू द्यायचा नाही, उकळला की ताकद जाते. पहिली वाटी उकळली. टाकून दिली. दुसरी जमली. पात्याच्या पाठीने सरस चिरेत ढकलायचा, बोटाने दाबायचा, पुन्हा ढकलायचा. आमच्या तंबोऱ्याच्या तबलीला भोक नाही, आतून आधार द्यायची सोय नाही. त्यामुळे हे सगळं वरूनच.

गळ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळली. गवंडीकाम करणाऱ्या शेजाऱ्यांचे शिकंजे मागून आणले होते, त्यांनी भोपळा फुटेल अशी भीती वाटली. ट्यूब सगळीकडून सारखी आवळते. चार दिवस कोणी हात लावायचा नाही असा कागद चिकटवला. घरात मी आणि हेच, तरीही.

२६ जुलै
ट्यूब सोडली. जोड पक्का. चीर दिसते, पण नखाला लागत नाही.

आता खरा प्रश्न. बरा केलेला रोगी त्याच हवेत परत पाठवायचा कसा?

अमेय पंधरा दिवस मापकाचे आकडे पाठवतोय, दिवसातून चार वेळा. मी ते आलेख-कागदावर मांडले. वाटलं होतं खाली कुठेतरी सरळ रेघ येईल. निघाली करवत. दुपारी २८, पहाटे ७६, पुन्हा दुपारी ३०, पुन्हा पहाटे ७८. फोन लावला.

"रात्री एवढी दमट हवा कुठून येते रे?"

"कूलर लावतो ना. वाळ्याची जाळी आहे."

"आणि तंबोरा कुठे असायचा?"

"कूलरच्या समोर. त्याला ओलावा मिळावा म्हणून मुद्दाम."

झालं. साइटवर जाताना कूलर बंद, खोली भट्टी; आल्यावर चालू, खोली कोकण. दोन उन्हाळे रोज एकदा लाकूड फुगलं आणि एकदा सुकलं. मे महिन्यात दुपारचा तळ याच्याही खूप खाली असणार. तंबोरा कोरड्या हवेने जेवढा फाटला नसेल, तेवढा या रोजच्या हेलकाव्याने फाटला. म्हणजे खोली ओली करण्यात अर्थ नाही. तंबोऱ्याभोवतीची हवा एका जागी बांधून ठेवायला हवी. पेटी करायची.

३ ऑगस्ट
सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायची पाच फुटी पेटी करवली. ४,८०० रुपये, आत फोमच्या गाद्या, झाकणाला कड्या. त्याने आधी झाकण उलट्या बाजूला बसवलं आणि वर मलाच म्हणाला, "बेन, आम पण चाले." नाही चालत. दोन दिवस त्यात गेले.

६ ते २३ ऑगस्ट
पेटीत हवा ठरावीक ठेवायला मी मिठाचीच युक्ती वापरली. मापक ज्याने तपासला तेच मीठ, पसरट ताटलीत. आणि अतिशहाणपणा असा की तंबोराही आत ठेवला.

१५ तारखेला ध्वजवंदन करून आले आणि झाकण उघडलं. वास आला तेव्हाच समजले. भोपळ्याच्या पाठीवर पांढरी बुरशी, दह्याच्या सायीसारखी. पोलादी तारांवर तांबूस ठिपके. ७५ टक्के ही मापक तपासायची आर्द्रता आहे, तंबोरा ठेवायची नाही. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये ठेवायला हवं होतं. बुरशी कोरड्या ब्रशने गच्चीत जाऊन झाडली, तोंडाला फडकं बांधून. तारा काढून फेकल्या. नव्या तारांचा संच ३५० रुपये.

तोच मूर्खपणा थोडा सुधारून पुन्हा केला : मॅग्नेशियम नायट्रेट. त्याचा ओला चिखल ५३ टक्क्यांच्या आसपास हवा धरतो, पुस्तकी उत्तर म्हणून अगदी नेमकं. या वेळी पेटी रिकामी. आकडा सुरेख आला. पण चौथ्या दिवशी मीठ ताटलीच्या कडेवरून बाहेर चढलेलं. खारं पाणी कडेला सुकतं, त्याच्या कणांतून पुढचं पाणी वर ओढलं जातं, आणि असं करत ते फोमपर्यंत पोचलं. कडेला व्हॅसलीन लावून चढणं थोडं लांबलं, थांबलं नाही. हे रेल्वेत सांडलं तर? रद्द.

२४ ऑगस्ट
पेटीची परीक्षा जैसलमेरसारख्या हवेत व्हायला हवी, आणि इथे बाहेर ८८ टक्के. म्हणून वाळवंट घरात आणलं. जुनं लोखंडी कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या, तळाशी ६० वॉटचा पिवळा दिवा. हवा तापली की तिची आर्द्रता उतरते. पण ४१ अंशांना आकडा ३८ वर अडला. आत वाफ तेवढीच, फक्त गरम झालेली. मग दोन किलो सिलिका जेल आणलं, ७६० रुपये. ताटांत पसरून आत ठेवलं आणि फटींवर चिकटपट्टी मारली. सहा तासांनी २३ टक्के. ह्यांनी कपाटावर खडूने लिहिलं : "जैसलमेर. दार लावून घ्या."

(निळं सिलिका जेल आणू नका, मी आणलं. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, तो विषारी. पुन्हा सुकवायला ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालता येत नाही. नारिंगी मिळतं, ते घ्या. माझं निळं मी गच्चीत जुन्या तव्यावर सुकवलं, त्यात एक अख्खी दुपार गेली.)

२७ ते ३० ऑगस्ट
काम बंद. विश्वामित्री नदी धोक्याच्या २५ फुटांच्या कितीतरी वर गेली आणि पाणी कारेलीबागेत आमच्या सोसायटीत शिरलं. आमच्या तळमजल्यात गुडघाभर. तंबोरा वरच्या मजल्यावरच्या जागृतीबेनकडे, त्यांच्या देव्हाऱ्याच्या खोलीत पलंगावर. वीज नाही. अमेयचा मेसेज : "इथे पाण्याचा टँकर आला नाही दोन दिवस." रिकामी पेटी खाली राहिली, तिचा तळ भिजून प्लायचे पापुद्रे सुटले. तळ नव्याने केला, ९०० रुपये. लोखंडी कपाट मात्र धुऊन पुसून उभं.

१४ सप्टेंबर
साबणाची भोकं पाडलेली डबी, आत ओला स्पंज. पेटी कपाटात, दिवा चालू. दुसऱ्या दिवशी स्पंज खडखडीत आणि पेटीत फक्त ३१. पाणी गेलं कुठे? प्लायने प्यायलं. कोरडं लाकूड आधी स्वतःची तहान भागवतं. पेटीला आतून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर, जोडांवर फॉइलचीच चिकटपट्टी. झाकणाला फ्रिजच्या दाराला असते तशी रबरी पट्टी. ६२० रुपये. आता ४४. पण डबी आडवी झाली की पाणी गळतं, आणि पेटी गाडीतून जायची आहे.

२५ सप्टेंबर
मांडवीला, इथल्या जुन्या बाजारात, गेले होते. नवरात्र आठवड्यावर आलंय, रस्त्याच्या कडेला गरब्यांची मडकी रचलेली. नवरात्रात आत दिवा लावून ठेवतात ती, अंगभर भोकं असलेली. हातात घेऊन पाहिलं आणि वाटलं, हेच. भाजलेली माती स्वतः पाणी धरते आणि हळूहळू सोडते. पोटात स्पंज, भोकांतून हवा. रंग दिलेली आरशांची चालत नाहीत, रंगाने मातीची छिद्रं बुजतात. रंग न दिलेली दोन छोटी मागितली. विकणाऱ्या बाईंना नवल वाटलं, "सादा? एमां शुं मजा?" ३० रुपयांना एक.

जागृतीबेनना आधी विचारलं, हे असं वापरलेलं चालेल ना. त्या म्हणाल्या, "सूरनी ज सेवा छे ने."

२६ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर
मडकं तासभर पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून ओघळ थांबेपर्यंत जाळीवर ठेवायचं, पुसायचं. स्पंज पिळून पोटात. एक पायाशी, एक डोक्याशी, दोन्ही फोमच्या खोबणीत घट्ट. भांडी मोजायच्या काट्यावर आधी आणि नंतर वजन.

कपाटात २२ ते २५ टक्के. पेटीत पहिल्या दिवशी ५८ (जास्त, मडकं नीट निथळू दिलं नव्हतं), मग ५३, ५१, ५०, ४७. सहाव्या दिवशी ४४. दोन मडक्यांतून मिळून चार दिवसांत ३८ ग्रॅम पाणी गेलं. दुसऱ्या खेपेला ५४ ते ४६. तिसऱ्यालाही. बाहेर रात्री गल्ल्या भरून गरबा, आणि मी टॉर्च घेऊन कपाटात वाकलेली.

तिसऱ्या खेपेच्या शेवटी तंबोरा आत ठेवला. सहा दिवस. चीर नखाला लागली नाही.

२० ऑक्टोबर
मिरजेचे ते कारागीर गुजरातच्या फेरीवर होते, घरी आले. घोडीवर कानस फिरवून, धागा सरकवून, पुन्हा कानस फिरवून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढली. दोन तास. १,५०० रुपये, चहा दोनदा. वितळलेल्या पानांकडे पाहून म्हणाले, "ही राहू द्या. नाहीतर पुढच्या पिढीला कळणार कसं?" खुंट्यांना खडू लावला, तारा चढवल्या, काळी एक या पट्टीला सुरात मिळवला. पंचमाच्या तारेवरचा, सूर बारीक लावायचा मणी केसभर सरकवला आणि चारही तारा एकदम बोलायला लागल्या. हे स्वयंपाकघरातून येऊन दारात उभे राहिले.

बडोद्याच्या दरबारातून निघून मिरजेला स्थिरावलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ त्यांच्या बोलण्यात आले. त्यांच्या गावातही कोणी या दोन गावांचं नाव एका दमात घेतलं की तेच नाव निघतं म्हणाले.

एकूण खर्च आज मांडला : ९,८९० रुपये. यात ॲसिटोन आणि वाया गेलेलं मॅग्नेशियम नायट्रेट धरलं नाही, ते लिहायला हात धजत नाही. अमेयला पेटी न करता सांगितलं असतं की कूलरसमोरून तंबोरा हलव आणि जाड गवसणी घाल, तर अर्धं काम फुकटात झालं असतं.

५ नोव्हेंबर
दिवाळी करून अमेय निघाला. पेटी स्लीपरच्या बर्थखाली मावत नाही हे आम्ही मोजलंच नव्हतं. तो रात्रभर ती बाजूच्या बर्थवर ठेवून स्वतः बसून गेला.

१७ नोव्हेंबर
अमेयचे आकडे : खोलीत दुपारी २४, रात्री ३९. पेटीत ५२, ४९, ४८. माझ्या आलेखावर पहिल्यांदाच रेघ जरा सरळ आली.

तंबोरा बाहेर फक्त रियाजापुरता, पहाटे पाऊण तास. मग लगेच आत, झाकण. कूलर तर आता बंदच, पण उन्हाळ्यात पेटी त्याच्या विरुद्ध भिंतीला, असं मी त्याच्याकडून लिहून घेतलंय.

८ डिसेंबर
त्याने मडकी पुन्हा भिजवायला सात दिवस लावले. पेटीत ४१. जोडाची (मधल्या सारख्या दोन तारांची) खुंटी सरकायला लागली. "खडू लाव," मी म्हटलं. घरात खडू नाही म्हणाला. साइटवर मुलांच्या शाळेतून मागून आणतो म्हणाला. मी इथून पाकीटभर पाठवलेत.